अकरा घरांचा मनाई हुकूम

शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात अकरा घरं होती आणि दाक्षायणीची निलू भिंती चाटते हे अकराही घरांना ठाऊक होतं. काही मुलं माती खातात, काही पाटीवरची पेन्सिल खातात. निलूची आवड त्या मानानं खानदानी. तिला चुन्याची भिंतच लागे, आणि तीही पोपडा सुटायला आलेली. रांगत जाऊन ती भिंतीला दोन्ही तळवे टेकायची, देवळात टेकावेत तसे, मग डोळे मिटायची आणि जीभ लावायची. दाक्षायणीनं भिंतीला मिरचीचं पाणी लावून पाहिलं. निलूनं ते चाटलं, भोकाड पसरलं, आणि रडणं संपल्यावर शांतपणे पुढच्या कोपऱ्याकडे निघाली. तिथं मिरची लावायची राहिली होती.

"पोटात चुना कमी असंल," समोरच्या रंभाबाई म्हणायच्या. रंभाबाई मूळच्या करमाळ्याकडच्या, साठी ओलांडलेल्या. तोंडात पान असल्याशिवाय त्या सल्ला देत नसत, आणि पान नसलेलं असं त्यांचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. "माझा थोरला तर चुलीतली राख खायाचा. आता बघ, गिरणीत जॉबर हाय, हाताखाली माणसं."

तेव्हा भिंत चाटणं ही काही काळजीची बाब नव्हती. काळजी सुरू झाली ती सत्त्याहत्तर सालच्या जून महिन्यात, पालिकेचे डास मारणारे फवारणीवाले आले त्या दुपारपासून.

ते पाच जण होते. बोळ जेवून आडवा झालेला, उन्हानं फरशा पांढऱ्या पडलेल्या, आणि त्या पांढऱ्यातून आणखी पांढरे असे पाच जण चालत आले. पाठीवर पंप, नाकातोंडाला फडकी, आणि टोपीपासून पायाच्या नखांपर्यंत अंगावर पिठासारखी भुकटी. भुवयासुद्धा पांढऱ्या. काळे होते ते फक्त डोळे. पायांत रबरी बूट असल्यानं चालण्याचा आवाज येत नव्हता. त्यांच्यातला पुढचा, कुंडलिक नावाचा मुकादम, दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "घर मोकळं करा."

आणि लोकांनी केलं! हंडे, गाद्या, देव्हारे, भिंतीवरचे पूर्वज, सगळं बोळात येऊन बसलं. आत पंपाचा फुस्स-फुस्स आवाज चालला, कुणी मोठं माणूस शेवटचे श्वास घेत असावं तसा. तासाभरात भिंती ओल्या झाल्या, वाळल्या, आणि वाळल्यावर त्यांच्यावर बारीक पांढरी साय धरली. जाताना कुंडलिकनं पत्र्याचा छापा चौकटीवर धरला आणि गेरूनं शिक्का मारला: डीडीटी, तारीख, खोल्या दोन. शिक्क्याशिवाय घर फवारलेलं धरत नाहीत आणि शिक्का असला की न फवारलेलं धरत नाहीत, हे शास्त्र त्या दिवशी बोळाला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी हरवल्यासारखं वाटून दाक्षायणी जागी झाली. तिनं गळ्यातलं इष्टलिंग चाचपलं, मंगळसूत्र चाचपलं, निलूला चाचपलं. सगळं जागेवर होतं. नव्हता तो आवाज. सासऱ्यांच्या तसबिरीमागं चिमण्यांचं घरटं होतं आणि रोज पहाटेपासून तिथं पंचायत भरायची. तिनं तसबीर हलवली. मागं चिमणी बसली होती, डोळे उघडे, पंख नीट मिटलेले. बोटानं लोटलं तेव्हा ती तशीच्या तशी, बसलेलीच, खाली पडली.

मग पाली पडू लागल्या. टप्प, असा आवाज व्हायचा. जेवताना टप्प, पूजेत टप्प. शेजारच्या मदिनाबीची मांजर अंग चाटून झाल्यावर अंगणात गोल गोल फिरू लागली, दोन दिवस फिरली आणि तिसऱ्या दिवशी त्याच गोलाच्या मधोमध निजली. डास मात्र होते तसे होते. आणि ढेकणांना तर त्या औषधानं काय टॉनिक मिळालं कोण जाणे, ते दिवसाढवळ्या रांगेनं बाहेर पडू लागले.

"आमच्या गादीतले ढेकूण बगितले क्या?" मदिनाबी म्हणाली. तिचा नवरा चांदसाब पत्र्याच्या पेट्या करायचा, त्यामुळं तिला ठोकाठोकीवर मात करून बोलायची सवय होती. "पैले चोरावानी यायचे. आता वरातीवानी येतेत!"

निलूनं चौथ्या दिवशी भिंत चाटली. दाक्षायणी चुलीपाशी होती, वळेपर्यंत हातभर भिंत ओली झाली होती. दुपारी निलूचे हात थरथरू लागले. आधी बोटं, मग मनगटं. ताप नाही, रडणं नाही. ती नुसती आईकडे बघत होती आणि तिचे हात, जणू दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे, हलत होते. दोन दिवस दाक्षायणीनं ते हात आपल्या मुठीत धरून ठेवले. डॉक्टर म्हणाले, "दात येताहेत." तिसऱ्या दिवशी थरथर थांबली. दाक्षायणीनं पदर खोचला, बादली घेतली आणि आठ दिवस घासून भिंती पार विटांपर्यंत नेल्या. घासता घासता तिनं ठरवलं की हे पुन्हा होणार नाही. ठरवायला काही लागत नाही. पुढचं सगळं लागतं.

जुलैत भोंगा लावलेली रिक्षा फिरली: सोळा ऑगस्टपासून पेठेत फवारणीची दुसरी फेरी, नागरिकांनी सहकार्य करावं.

नवऱ्याला सांगावं, तर नवरा पालिकेतच आवक-जावक कारकून. सिद्राम हत्तुरे हा मनुष्य स्वभावानं मऊ होता, पण सतत कागदांत राहून त्याची घरातली भाषाही कागदासारखी झाली होती.

"आपल्या घरी फवारू नका म्हणून सांगा की तुमच्या साहेबांना," ती म्हणाली.

"तसा प्रघात नाही."

"पोरगी भिंत चाटती!"

"ती बाब आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येते," सिद्राम म्हणाला, आणि मग एकदम कागद बाजूला सारून, हळू आवाजात, "दाक्षू, मी तिथं साधा कारकून हाय गं."

तेव्हा रंभाबाईंनी वकील सुचवला. हिंदुराव वकील हे त्यांच्या गावाकडचे. बांधाचे आणि वाटपाचे दावे चालवायचे. ऑफिस पिठाच्या गिरणीवर. दाक्षायणी निलूला कडेवर घेऊन जिना चढली आणि दारातच थबकली. टेबलावर, पुस्तकांवर, पंख्याच्या पात्यांवर, वकिलांच्या काळ्या कोटावर, मिशांवर, सगळीकडे तीच पांढरी भुकटी. ती मागं वळली.

"या, या, बाई! ज्वारीचं पीठ हाय ते," आतून आवाज आला.

हिंदुरावांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा शिंकले. मग म्हणाले, "दावा होतो. पर पालिकेवर दावा लावायचा तर आधी महिन्याची नोटीस द्यावी लागती. कायदाच हाय तसा."

"पण फवारणी सोळाला आहे. आज वीस जुलै."

"म्हंजे महिना भरतो वीस ऑगस्टला." त्यांनी बोटं मोजली. "चार दिवस कमी पडत्यात."

"मग चार दिवसांत पोरगीनं काय करायचं?"

"ते कायद्यात न्हाय," वकील प्रामाणिकपणे म्हणाले. "दुसरं असं की वादी तुमी न्हाय. इजा पोरीला. वादी पोरगी."

आणि त्यांनी लिहायला घेतलं: वादी, नीलम्मा सिद्राम हत्तुरे, वय महिने दहा, धंदा काही नाही, अज्ञान, तर्फे पालनकर्ती आई. दाक्षायणीला ते वाचून भरून आलं. मुलीचं नाव पहिल्यांदाच पुरं लिहिलेलं ती पाहत होती. वादी तेवढ्यात टेबलाचा पाय चाटून पांढऱ्या मिशा लावून बसली होती. ज्वारी तिला पसंत पडलेली दिसली.

"आणि पुरावा गोळा करा," वकील जिन्यावरून ओरडले. "जे जे मरंल ते ते ठेवा. तारीख घालून!"

नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला सिद्रामच्याच टेबलावर उतरली. त्यानं पाकीट फोडलं, बायकोचं नाव वाचलं, मुलीचं नाव वाचलं, पाणी प्यायला, आणि नियमाप्रमाणे शिक्का मारून आवक क्रमांक घातला. शेजारचा कारकून म्हणाला, "हत्तुरे, तुमच्या आडनावाचं कोण हो हे?" सिद्राम म्हणाला, "पेठेत पुष्कळ आहेत." घरी आल्यावर तो जेवला नाही.

"नोटिशीचं काय झालं?" दाक्षायणीनं विचारलं.

"प्रकरण विचाराधीन आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या," सिद्राम म्हणाला, आणि भूक लागल्यामुळं लाडवांचा डबा उघडला. डब्यात वर्तमानपत्राच्या घडीवर एका ओळीत, अकरा घरांतून वेचून आणलेल्या तीन चिमण्या, सात पाली आणि एक पाकोळी निजवलेली होती. प्रत्येकीच्या उशाशी चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. अक्षर सुंदर. सिद्रामनं डबा हळूच बंद केला, जसा देव्हारा बंद करावा, आणि त्या महिन्यात त्यानं घरातला कुठलाही डबा स्वतःच्या हातानं उघडला नाही.

आता ते चार दिवस. युक्ती रंभाबाईंचीच. "अगं, शिक्का असला की त्ये घर फवारत न्हायती. मग शिक्काच मारू की आपुन!"

मदिनाबीनं चांदसाबकडे शब्द टाकला. चांदसाबनं चौकटीवरचा जुना शिक्का वितीनं मापला आणि संध्याकाळपर्यंत पत्र्याचा छापा कापून दिला. खात्याच्या छाप्यापेक्षा सुबक. कोपऱ्यात त्यानं सवयीनं एक फूल काढलं होतं, ते मदिनाबीनं चिंधीनं झाकायचं ठरलं. गेरू दाक्षायणीकडे होताच, तुळशीकट्ट्यासाठी आणलेला. प्रश्न उरला तारखेचा, आणि तिथं बोळ अडला.

चौदा ऑगस्ट, रविवार. सगळ्या बायका जमल्या होत्या. "आजची टाका," कुणी म्हणालं.

रंभाबाईंनी पान थुंकलं. "आज आवस. दारावर आवस लिवायची? चौकटीवर? लेकराबाळांच्या घरात?"

"मग कालची."

"काल शनवार. तेलाचा वार."

"परवाची?"

"परवा शुक्कर. शुक्कर देवीचा, त्या दिशी इखाचं नाव दारावर नगं. उद्याची घाल. उद्या सोमवार, म्हादेवाचा वार, आवस सरून पाडवा लागलेला. दारावर लिवायचं तर चांगल्या दिसाचं लिवावं."

"उद्या पंधरा ऑगस्ट," दाक्षायणी म्हणाली.

"मग तर सोन्याहून पिवळं! झेंड्याचा दिवस!"

सरकारी सुट्ट्या तोंडपाठ असलेला एकच माणूस बोळात होता आणि तो त्या वेळी आतल्या खोलीत कानांत बोटं घालून बसला होता. पुढं कुणी विचारलं तर आपल्याला काही ठाऊक नव्हतं असं शपथेवर सांगता यावं म्हणून. कुणी विचारलं नाही ते नाहीच, आणि जे सांगायला हवं होतं ते त्याच्या कानांत राहिलं.

अकरा चौकटींवर अकरा शिक्के बसले. संध्याकाळी दाक्षायणी बोळाच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. गेरू अजून ओला होता. अकरा लाल डाग, एका रेषेत. घरं मोजून ठेवलेली वाटत होती, आणि कुणी मोजली ते घरांनाही सांगितलेलं नव्हतं. बोळाला खुणा आपण केल्या आहेत, आपल्याच हातानं, हे तिनं स्वतःला दोनदा सांगितलं. तरी घरात शिरताना ती आपल्याच चौकटीला अंग न लागू देता शिरली.

सोळाला ते पाच जण आले. तसेच पांढरे, तसेच बिनआवाजाचे. कुंडलिक पहिल्या चौकटीपाशी थांबला. दुसऱ्या. तिसऱ्या. मग दाक्षायणीच्या दारात आला, शिक्क्याकडे बघितलं, झाकायचं राहून गेलेल्या फुलाकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"झालंय म्हणायचं हितं," तो म्हणाला.

निलू रांगत आली आणि त्याच्या बुटाला धरून उभी राहिली. कुंडलिकनं घाईनं पाय मागं घेतला, फडकं खाली ओढलं. आत एक साधा, थकलेला चेहरा होता, दाढी वाढलेला.

"पोरीला शिवू नगा देऊ मला," तो म्हणाला. "अंगाला लई हाय." मग फडकं मुठीत चुरगाळून, "माझी थोरली असती तर आता आठ वर्साची असती. हिवतापानं गेली. चार दिसांत. म्हणून ह्या कामाला लागलो, बाई. डासाला मारतो म्हणलं."

दाक्षायणीनं त्याला चहा दिला. तो त्यानं दूर, ओट्याच्या टोकाला बसून, कप फडक्यात धरून घेतला. मग वहीत अकरा घरं उतरवली, तारीख चौकटीवरून बघून बघून, आणि ते पाच जण आले तसे विरून गेले. त्या संध्याकाळी दाक्षायणी ओट्यावर बसली. डास तिच्या कानाशी गुणगुणत होते, आणि आज पहिल्यांदाच तिला तो आवाज नुसता त्रासाचा वाटला नाही.

दावा बावीसला दाखल झाला. खातंही स्वस्थ बसलं नाही. भिंती फवारून डास आटोपेनात म्हणून त्यांनी दर गुरुवारी दिवेलागणीला धुराची गाडी सुरू केली. आधी लांबून घरघर ऐकू यायची, मग रस्त्याच्या कडेनं पांढरा लोट वळायचा आणि बोळात शिरायचा. शिरताना तो घाई करत नसे. पायरी पायरी चढत यायचा. समोरचं घर जायचं, मग ओटा, मग स्वतःच्या हाताची बोटं.

"दाक्षायणी, घरात हाईस का गं?" रंभाबाईंचा आवाज यायचा, कुठून ते कळायचं नाही.

"हाय की. तुम्ही?"

"मला वाटतंय मी घरात हाय. पर चूल सापडंना!"

पहिल्याच गुरुवारी त्या धुरातून तोंडाला रुमाल बांधलेला एक पांढरा माणूस थेट दाक्षायणीच्या घरात शिरला. निलूनं किंकाळी फोडली. दाक्षायणीनं लाटणं उचललं. दोन बसल्यावर तो माणूस म्हणाला, "अगं, मी! कचेरी सुटली!" सिद्रामच्या प्रतिष्ठेला त्या काळात जे काही सोसावं लागलं, त्यात लाटण्याचा क्रमांक बराच खालचा होता.

कारण वर कोर्ट होतं. तारखेच्या दिवशी दाक्षायणी वादीला झबलं-टोपडं घालून घेऊन गेली. पुराव्याचा डबा हिंदुरावांनी टेबलावर ठेवला. शिरस्तेदारानं झाकण उघडलं, लावलं, आणि लांबच्या खुर्चीवर जाऊन बसला.

पालिकेचे वकील गोरेपान, चष्मा लावणारे. त्यांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "महाराज, वादीचं म्हणणं की फवारणीनं इजा होते. आमचं रजिस्टर पहा. वादीचं घर पंधरा ऑगस्टला फवारलं आहे, दोन्ही खोल्या. आणि ही पहा वादी!" त्यांनी हात केला. निलू त्यांच्याकडे बघून हसली, नवा दात दाखवला. "तीन आठवडे झाले. मूल गुटगुटीत आहे. औषध निरुपद्रवी असल्याचा यापेक्षा चालता-बोलता पुरावा काय हवा?"

"चालत नाही अजून," दाक्षायणीच्या तोंडून निघून गेलं. "बोलतही नाही."

कोर्टात हशा झाला. तिचं लक्ष नव्हतं. तिच्या लक्षात आलं होतं ते असं: जो शिक्का तिनं मुलीला वाचवायला मारला, तोच आता मुलीवर चालून आला होता.

न्यायाधीश म्हातारे होते, बारीक आवाजाचे. त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान केली. पुन्हा रजिस्टरकडे. "पंधरा ऑगस्टला तुमचं खातं काम करत होतं?"

वकिलांनी मागं पाहिलं. मागं बाकावर कुंडलिक बसला होता, धुतलेले कपडे घालून, त्यामुळं तो कुणीतरी वेगळाच दिसत होता. तो उठून उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते.

प्रेक्षकांत रंभाबाई मदिनाबीला म्हणाल्या, "म्या चांगलाच दिवस बगितला हुता गं!" मदिनाबीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"बाई," न्यायाधीश दाक्षायणीकडे वळले. "तुमच्या घरी फवारणी झाली का?"

हिंदुरावांनी डोळे मिटले. होय म्हटलं तर दावा गेला. नाही म्हटलं तर खोटा शिक्का, आणि त्या बाकापाशी उभा असलेला माणूस. निलूनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. ते छोटं, गरम ओझं. जूनमधले ते दोन दिवस दाक्षायणीला आठवले नाहीत, ते तिच्या मुठीत होतेच.

"नाही झाली, महाराज," ती म्हणाली. "शिक्का आमचा आहे. गेरू माझा. दिवस आम्हीच शोधला, अवस टाळून. अकरा दारांवर मीच छापला." हे शेवटचं खोटं होतं, पण आता ती सगळ्यांचा हिशोब एकट्यानं मिटवायला निघाली होती. "मुकादमांनी चौकटीवर होतं ते वाचून लिहिलं. सरकारी शिक्का खरा मानला, एवढाच त्यांचा अपराध. फवारलं असतं तर माझी पोरगी तुम्हाला अशी दिसली नसती. जूनमध्ये कशी दिसत होती ते मला विचारा."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"वकीलसाहेब," ते पालिकेच्या वकिलांना म्हणाले, "हे मूल गुटगुटीत आहे असं आपलंच म्हणणं ना? आणि घर फवारलेलं नाही, हे आता दिसतंय. मग आपण आणलेला चालता-बोलता पुरावा वादीच्या बाजूनं जातो. चालत आणि बोलत नसला तरी."

खोट्या शिक्क्याबद्दल त्यांनी दाक्षायणीला कडक समज दिली आणि अकराही शिक्के स्वतःच्या हातानं पुसून काढायला सांगितलं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या बोळाच्या हद्दीत, अकरा घरांपुरती, फवारणी करायला आणि धूर सोडायला तूर्तातूर्त मनाई. कुंडलिकची नोकरी राहिली. त्याला पंपावरून काढून धुराच्या गाडीवर टाकलं.

बोळात पेढे वाटले. दाक्षायणीनं अकरा चौकटी घासल्या. सिद्रामनं कचेरीत हुकुमाची प्रत आवक करून घेतली. साहेबांनी विचारलं, "हत्तुरे, पेठेत पुष्कळ आहेत ना तुमच्या आडनावाचे?" तो म्हणाला, "आहेत साहेब. पण ही माझीच मंडळी." हे वाक्य त्यानं घरी तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी जरा वरच्या आवाजात.

गुरुवार आला.

हिंदुरावांच्या सांगण्यावरून बोळाच्या तोंडाशी चुन्याच्या फक्कीनं हद्द आखली होती. दिवेलागणीला घरघर आली. गाडी रस्त्यावरून आली, हद्दीच्या हातभर अलीकडे थांबली. कुंडलिक उतरला. त्यानं खिशातून हुकुमाची नक्कल काढली, रेषा पाहिली, नक्कल पाहिली, आणि यंत्र बंद केलं.

"बाई, हद्द पाळली बगा," तो म्हणाला.

"पाळली," दाक्षायणी म्हणाली.

पण धुराला कुणी नोटीस दिली नव्हती. रस्त्यावर साचलेला तो पांढरा ढीग जरा वेळ रेषेपाशी उभा राहिला, विचार करत असल्यासारखा. मग त्यानं रेषेवरून एक पाय आत टाकला. पहिल्या घराची पायरी गेली. दुसऱ्या घराचा दिवा पिवळा झाला, मग पांढरा, मग नव्हताच. यंत्राचा आवाज बंद असल्यामुळं ते सगळं अगदी गुपचूप चाललं होतं.

"आवो, थांबवा त्येला!" रंभाबाई ओरडल्या.

"कसा थांबवू, मावशी?" धुरापलीकडून कुंडलिकचा आवाज आला. "माझ्या हातात कळ हुती. ती बंद केली."

दाक्षायणीनं निलूला पाठीशी बांधलं, पदराची टोकं छातीवर घट्ट आवळली. आत जाऊन ज्वारी पाखडायचं सूप आणलं आणि बोळाच्या मधोमध उभी राहून ती धुराला पाखडू लागली.

फट्ट. फट्ट.

समोरचा लोट थोडा दबला, बाजूनं आला. बाजूनं दुसरं सूप फडफडलं. "मी हाय गं," मदिनाबीचा आवाज. मग तिसरं, रंभाबाईंचं, जुनं, जड, कमरेतून मारलेलं. मग मागं आणखी. कोण कोण होतं ते दिसत नव्हतं. त्या पांढऱ्यात फक्त सुपांचे आवाज होते, पुढं मागं, जवळ लांब, आणि मध्येच कुणाची तरी बांगडी. अकरा घरांचं दळण पाखडणाऱ्या बायका आज शहराचा धूर पाखडत होत्या.

एक सूप मात्र भलत्याच तालात वाजत होतं. "आवो, कोण त्यो?" रंभाबाई खोकत म्हणाल्या. "सूप उलटं धरलंय! समदा धूर आपल्याकडंच घेतोय!"

"मी," सिद्राम म्हणाला. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज कचेरीतला नव्हता. "सरळ कसं धरायचं?"

दाक्षायणीनं हात लांब करून चाचपत त्याची मनगटं शोधली आणि सूप फिरवून दिलं. "असं. पुढं लोटायचं. मनगटातून."

फट्ट. आता ताल जुळला. धूर रेषेपाशी मागं सरला, पुन्हा आला, पुन्हा सरला. हद्दीपलीकडे तो भिंतीएवढा उंच उभा होता, आणि त्याच्या आत कुठंतरी कुंडलिकची खोकल्याची उबळ ऐकू येत होती. किती वेळ झाला, आपण जिंकतो आहोत की नाही, कुणालाच सांगता आलं नसतं. दाक्षायणीचे खांदे भरून आले होते. पाठीवर निलूचा श्वास तिच्या मानेला लागत होता, बारीक, गरम, एकसारखा. तो लागतो आहे का, एवढंच ती दर फटक्यागणिक बघत होती. लागत होता. मग ती पुढचा फटका मारत होती.